स्टुटगार्ट: चढायला गाडी, उतरायला जिने

मुंबई आणि जर्मनीतलं स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. तरी आपल्याकडून जाणारे बहुतेक जण मर्सिडीज आणि पोर्शची संग्रहालयं उरकून म्युनिकची गाडी पकडतात. हे शहर खोलगट वाडग्यासारखं आहे: तळाशी बाजारपेठ, भोवती टेकड्या. खरी मजा वाडग्याच्या कडेवर आहे. वर गाडीने जायचं, खाली चालत यायचं.

आधी तिकीट. दिवसभराचं एकच काढा. या लेखात पुढे येणाऱ्या सगळ्या गाड्यांना शहराच्या हद्दीत तेच चालतं. पाच जणांपर्यंत ग्रुपचं तिकीट स्वस्त पडतं. स्टेशनांवर अडवणारी गेटं नाहीत, पण टीसी साध्या कपड्यांत फिरतात आणि दंड ६० युरो आहे.

सकाळी यू-१ ने (‘यू’ म्हणजे शहरातली हलकी रेल्वे) ज्यूडहाइमर प्लाट्झला उतरा. तिथून दोरावर चालणारी १९२९ची गाडी सुटते. सागवानी डबे, पितळी कड्या. एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि मध्यावर दोघं एकमेकांना ओलांडतात. गाडी वरच्या जंगलातल्या दफनभूमीशी थांबते, म्हणून गावकऱ्यांनी तिचं नाव ठेवलंय ‘वारशावर डोळा ठेवणाऱ्यांची एक्सप्रेस’. बॉश कंपनीचा संस्थापक रॉबर्ट बॉश याची कबर इथेच आहे. ही गाडी संध्याकाळी लवकर बंद होते. दुपारनंतरवर ढकलू नका.

तिनेच खाली येऊन मारीएनप्लाट्झला या. इथून टेकडीवरच्या देगरलोख भागात दातेरी रुळाची ‘त्साके’ जाते, १८८४ पासून. साधी चाकं घसरतील असा चढ आहे. मधल्या दातेरी पट्टीत गाडीचं दातेरी चाक अडकतं, म्हणून ती चढते. पुढच्या उघड्या डब्यात सायकली ठेवतात, त्याही फक्त चढताना. तुम्ही मागच्या टोकाला बसा. शहर तिकडूनच दिसतं.

आता जिने. द्राक्षमळ्यांत ये-जा करायला बांधलेले असे चारशेहून जास्त जिने शहरात आहेत. स्थानिक त्यांना ‘श्टेफेले’ म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी यू-१५ ने ऑयगेन्सप्लाट्झला चढावं, कारंज्यापाशी आइस्क्रीम घ्यावं आणि समोरच्या जिन्याने उतरावं. कारंज्यावरच्या गालातेया या ग्रीक जलपरीच्या उघड्या मूर्तीवरून लोकांनी ओरड केली, तेव्हा इथल्या राणी ओल्गाने मूर्तीची पाठ शहराकडे फिरवायची धमकी दिली, असं सांगतात. पावसात आणि पानगळीत पायऱ्या निसरड्या होतात. गुळगुळीत तळव्याच्या चपला हॉटेलवर ठेवा. गुडघे कुरकुरत असतील तर उतरतानाही यू-१५ आहेच.

वास्तुकलेची आवड असेल तर यू-५ ने किलेसबर्गला जाऊन १९२७ची वाइसेनहोफ वसाहत बघा. तिथलं वास्तुकार ल कॉर्बुझिएचं जोडघर आता संग्रहालय आहे. २०१६ मध्ये ते चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलासोबतच जागतिक वारसा यादीत आलं. सोमवारी बंद. बाकीच्या घरांत माणसं राहतात; खिडकीला नाक लावू नका.

बिर्केनकोप्फ टेकडीवर बस ९२ जाते, पुढे साधारण वीस मिनिटं चाल. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या इमारतींचा ढिगारा टाकून ही टेकडी सुमारे ४० मीटरनी उंच झाली. माथ्यावर कोरीव दगड तसेच पडलेत. त्यांवर चढून फोटो काढायचा मोह आवरा. दगड सुटे आहेत.

रोटेनबर्गसाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा. एस-१ या लोकल गाडीने उंटरट्युर्कहाइम, तिथून बस ६१. इथला राजा विल्हेल्म याने राणी काथारिनासाठी बांधलेली समाधी द्राक्षमळ्यांच्या मधोमध आहे. हिवाळ्यात ती बंद असते. मेच्या सुट्टीत गेलात तर उत्तम, रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आसपास एखाद्या दारावर झाडू टांगलेला दिसला तर आत शिरा. शेतकरी स्वतःची वाइन तिथे विकतो. अशा ‘बेझन’ना वर्षात फार तर चार महिने परवानगी असते आणि जागा चाळीस माणसांपुरती. रोख पैसे जवळ असू द्या.

शाकाहाऱ्यांनी जपून: ‘माउल्टाशन’च्या (सारण भरलेले पिठाचे चौकोन) सारणात बहुधा मांस असतं, मसूर-श्पेट्स्लेवर (श्पेट्स्ले म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या शेवया) सॉसेज ठेवून देतात. ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. केजे-श्पेट्स्लेत, म्हणजे चीज घातलेल्या श्पेट्स्लेत, मांस नसतं, पण अंडं असतं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून ब्रेड, फळं, दही शनिवारीच घेऊन ठेवा.