ठाण्यात बसून खारघरच्या नातवंडाचा अभ्यास घेताना

ठाण्याहून खारघरला थेट पनवेल लोकल जात असली, तरी नातवंडाच्या अभ्यासासाठी रोज संध्याकाळी त्या गर्दीत शिरणे साठीनंतर झेपत नाही. अभ्यास फोनवरूनच घ्यायचा असेल, तर आधी पुस्तकाची सोय करावी. राज्य मंडळाची पुस्तके बालभारतीच्या आणि एनसीईआरटीची पुस्तके त्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. इयत्ता व माध्यम नीट पाहून ती उतरवून घ्यावीत आणि चालू धडा झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणावा, कारण एकाच फोनवर नातवंड आणि पुस्तक दोन्ही पाहता येत नाहीत.

व्हिडिओ कॉल लावल्यावर समोरचा फोन डब्याला टेकवून वहीकडे वळवायला सांगावे. चेहरा पाहण्याचा मोह होतो, पण मूल कुठे अडले ते वहीतच दिसते.

गणितात विशेष जपावे लागते. ५२ मधून २७ वजा करताना आपल्यापैकी अनेकजण वरच्या २ चे १२ करतात आणि हातचा एक खालच्या २ मध्ये मिळवतात. आजची मुले मात्र वरच्या ५ दशकांपैकी एक सुटा करतात, म्हणजे तिथे ४ उरतात. उत्तर दोन्हीकडे २५ च येते, पण मध्येच आपली रीत घुसवली की मुलाचा गोंधळ उडतो. म्हणून ‘बाईंनी कसे शिकवले, ते मला समजावून सांग’ असे म्हणून आधी ऐकून घ्यावे. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकातील ‘वीस सात’ (म्हणजे सत्तावीस) या संख्यावाचनावर मोठा वाद झाला होता. त्याविषयीचे आपले मत (माझेही ठाम आहे) मुलासमोर मांडू नये.

पाढे आणि श्रुतलेखन साध्या कॉलवरही होते. मात्र फोनवर ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक पुसट ऐकू येतो, त्यामुळे चूक धरण्यापूर्वी शब्द पुन्हा उच्चारावा आणि शेवटी वहीच्या पानाचा फोटो मागवून तपासावा.

परिसर अभ्यासाच्या प्रकल्पात आजी-आजोबांचा खरा उपयोग होतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली होती, हे पुस्तकातून कळते. मासुंदा तलावाचा काठ आपल्या लहानपणी कसा होता, हे मात्र आपणच सांगू शकतो. तेवढे सांगावे, लिहू मात्र त्यालाच द्यावे.

वेळ सुनेला किंवा लेकीला विचारूनच ठरवावी, आणि अर्ध्या तासानंतर गणित अपुरे राहिले तरी फोन ठेवावा.