पाथ ऑफ एक्झाइल: पहिलं पात्र आणि पहिलं बिल्ड निवडताना

न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सनं 2013 मध्ये आणलेला पाथ ऑफ एक्झाइल हा ॲक्शन रोल-प्लेइंग गेम आजही फुकट खेळता येतो आणि दर काही महिन्यांनी नवी लीग (नव्यानं सुरुवात करायचा हंगाम) सुरू झाली की हजारो नवे खेळाडू त्यात उतरतात. त्यातले बरेच जण कथेच्या पाचव्या-सहाव्या अंकापर्यंत मजेत पोचतात आणि मग अडकतात. शत्रू मरत नाहीत, आपण मात्र एका फटक्यात मरतो. खेळण्यात चूक नसते, पात्राची जुळणी (बिल्ड) चुकलेली असते, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या तासाभरातच चुकते. इथलं सगळं पहिल्या पाथ ऑफ एक्झाइलबद्दल आहे. डिसेंबर 2024 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आलेल्या दुसऱ्या भागाचे नियम वेगळे आहेत, त्याची गाइड इथे लावू नका.

आधी स्किल ठरवा, मग क्लास

पात्र निवडताना मरॉडर, ड्युएलिस्ट, रेंजर, शॅडो, विच आणि टेम्प्लर असे सहा जण मिळतात. सातवी सायन तिसऱ्या अंकात तिची सुटका केल्यावरच खुली होते. या खेळात क्लास म्हणजे पॅसिव्ह ट्रीवरची (कायमच्या गुणांच्या जाळ्यावरची) सुरुवातीची जागा. ट्री सगळ्यांना एकच आहे, तेराशेहून अधिक ठिपक्यांचा. मरॉडर ताकदीच्या कोपऱ्यातून निघतो, रेंजर चपळाईच्या, विच बुद्धीच्या. ड्युएलिस्ट, शॅडो आणि टेम्प्लर या कोपऱ्यांच्या मधोमध आहेत. विचनं कुऱ्हाड चालवायला खेळाची हरकत नाही, पण कुऱ्हाडीच्या कामाचे ठिपके तिच्यापासून लांब आहेत आणि तिथवर जाण्यातच वीस-पंचवीस पॉइंट खर्ची पडतात. सत्तराव्या लेव्हलला लेव्हलचे आणि कामगिऱ्यांचे मिळून साधारण 90 पॉइंट हातात असतात. त्यातले पंचवीस वाटेत घालवणं पहिल्या पात्राला परवडत नाही.

क्लासचा दुसरा परिणाम असेंडन्सीवर होतो. प्रत्येक क्लासला स्वतःच्या उपशाखा असतात (सायनला मुळात एकच), लॅबिरिंथ (सापळ्यांचा भुलभुलैया) चार वेळा पार केल्यावर त्यांचे एकूण आठ पॉइंट मिळतात आणि बिल्डची खरी ताकद तिथेच असते. तिसरा परिणाम फारसा कुणी सांगत नाही: कामगिरी पूर्ण केल्यावर बक्षीस म्हणून मिळणारे आणि पहिल्या अंकात नेसा या दुकानदाराकडे विकत मिळणारे जेम (स्किल देणारे खडे) क्लासप्रमाणे बदलतात. हवा तो जेम आपल्या क्लासला मिळत नसेल, तर तिसऱ्या अंकातल्या लायब्ररीत सियोसा भेटेपर्यंत, काही जेमसाठी तर सहाव्या अंकातल्या लिली रॉथपर्यंत थांबावं लागतं. गाइडमध्ये स्किल आवडलं की ते कितव्या लेव्हलला आणि कुणाकडून मिळतं, हे आधी बघा.

पहिल्या पात्राला सोसणारे प्रकार

निवडीची आमची कसोटी एकच आहे: साधी, जमिनीवर पडलेली किंवा चिल्लर भावात घेतलेली गिअर घालून हे बिल्ड मॅप्सपर्यंत (कथा संपल्यानंतरच्या टप्प्यापर्यंत) पोचतं का? त्यासाठी डॅमेज कुठून येतो ते समजून घ्यावं लागतं. तलवार, धनुष्य, गदा यांनी केलेल्या अटॅकचा डॅमेज शस्त्रावर अवलंबून असतो, त्यामुळे दर आठ-दहा लेव्हलनी चांगलं शस्त्र शोधावं लागतं. स्पेलचा (मंत्राचा) मूळ डॅमेज जेमच्या लेव्हलबरोबर वाढतो, हातात काठी जुनी असली तरी काम चालतं. म्हणून नवख्यांना स्पेल, टोटेम (स्वतः हल्ला करणारे खांब) किंवा मिनियन (तुमच्यासाठी लढणारे अनुचर) सोपे जातात.

विच घेऊन नेक्रोमन्सरच्या वाटेनं मिनियन खेळणं हा सगळ्यात सौम्य मार्ग. रेझ झॉम्बी आणि समन रेजिंग स्पिरिट लवकर मिळतात, लढतात मिनियन आणि तुम्ही मागे राहून बघता. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तुमच्या ट्रीवरचा आणि गिअरवरचा नुसता ‘डॅमेज’ मिनियनना लागू होत नाही. ओळीत ‘मिनियन’ हा शब्द असलाच पाहिजे. हे न कळल्यामुळे वीस पॉइंट स्पेल डॅमेजवर घालून, झॉम्बी दुबळे का, म्हणून विचारणारे खूप भेटतात.

टेम्प्लरची हायरोफंट शाखा टोटेमसाठी उत्तम. चौथ्या लेव्हलला होली फ्लेम टोटेम मिळतो आणि तो एकटा पहिला अंक पार करून देतो. टोटेम उभा करायचा आणि पळत राहायचं, त्यामुळे बॉसच्या चाली शिकायला उसंत मिळते.

धनुष्यच हवं असेल तर रेंजरनं कॉस्टिक ॲरोपासून सुरुवात करून बाराव्या लेव्हलला टॉक्सिक रेनवर जावं आणि पाथफाइंडर व्हावं. या दोन स्किलचा हळूहळू होणारा केऑस डॅमेज जेममधून येतो, धनुष्याच्या फटक्यातून नाही, त्यामुळे धनुष्य साधं चालतं. लाइटनिंग ॲरो दिसायला जास्त देखणा आहे, पण त्याला चांगलं धनुष्य लागतं आणि ते महाग असतं.

मरॉडरला ग्राउंड स्लॅम आणि बाराव्या लेव्हलपासून संडर देऊन जगरनॉट केलं तर तो टिकाऊ होतो, मात्र दोन हातांच्या शस्त्राकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. ट्रॅप आणि माइनचा शॅडो जोरदार असतो, पण नाजूक. सायन दुसऱ्या-तिसऱ्या पात्रासाठी ठेवा.

राइचस फायरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण एक बटण दाबून नुसतं चालत राहायचं हे बिल्ड नवख्यांना फार खुणावतं. जेम सोळाव्या लेव्हलला मिळतो, पण त्याच दिवशी चालू करू नका. ही आग तुम्हालाही जाळते: दर सेकंदाला कमाल लाइफच्या 90 टक्के फायर डॅमेज. फायर रेझिस्टन्स (आगीचा मार रोखण्याची क्षमता) 75 टक्के असेल तर त्यातले 22.5 टक्के अंगावर येतात, म्हणजे दर सेकंदाला तेवढी लाइफ भरून काढणारं रिजनरेशन लागतं. कमाल रेझिस्टन्स 80 पर्यंत नेला तर हाच आकडा 18 वर येतो. गणित जुळलं नाही तर लाइफ 1 वर येऊन आग आपोआप विझते, आणि तेव्हा समोर शत्रू उभे असतात. रिजनरेशन जुळेपर्यंत दुसऱ्या स्किलवर खेळा. पुढे हे बिल्ड स्वस्त आणि दणकट होतं.

गाइड कशी तपासायची

पहिलं बिल्ड स्वतःच्या डोक्यानं रचू नका. चांगली गाइड घ्या आणि ती का चालते हे समजून घेत खेळा. गाइडवर खेळाची आवृत्ती लिहिलेली असते, ती सध्याच्या लीगशी जुळते का ते बघा. प्रत्येक मोठ्या अपडेटमध्ये जेमचे आकडे बदलतात, दोन लीग जुनी गाइड कागदावर चांगली दिसली तरी आता मेलेली असू शकते.

मग पाथ ऑफ बिल्डिंग या मोफत प्रोग्रॅममध्ये गाइडचा कोड टाकून उघडा. तिथे तीन गोष्टी बघायच्या. लेव्हलप्रमाणे टप्प्याटप्प्याच्या ट्री दिल्या आहेत का? फक्त पंच्याण्णवाव्या लेव्हलची ट्री असेल तर तिसाव्या लेव्हलला काय घ्यायचं ते कळणार नाही. वस्तूंमध्ये मेजब्लड किंवा हेडहंटर हे अतिमहागडे पट्टे दिसले तर ती गाइड दुसऱ्या कुणासाठी आहे, बंद करा. आणि कॉन्फिगरेशनच्या पानावर सगळ्या खुणा केलेल्या असतील, म्हणजे फ्लास्क (तात्पुरता परिणाम देणारी औषधं) कायम चालू, शत्रूवर सगळे शाप, सगळे चार्ज भरलेले, तर दिलेला डीपीएस (दर सेकंदाचा डॅमेज) प्रत्यक्षात कधीच दिसणार नाही. खुणा काढून आकडा पुन्हा बघा.

खेळातले दोन शब्द गाइड वाचताना सतत येतात. ‘इन्क्रीज्ड’ची सगळी टक्केवारी एकमेकांत मिळवली जाते आणि ‘मोअर’ प्रत्येक वेळी वेगळा गुणला जातो. मूळ डॅमेज 100 असेल, त्यावर 40 आणि 60 टक्के इन्क्रीज्ड असेल तर 200 होतात. वर एक 30 टक्के मोअरचा सपोर्ट जेम (मुख्य जेमला जोडून त्याची ताकद वाढवणारा) लावला की 260. ट्रीवर शे-दीडशे टक्के इन्क्रीज्ड जमल्यावर आणखी 20 टक्क्यांनी फारसा फरक पडत नाही, पण 30 टक्के मोअर कुठेही 30 टक्केच वाढवतो. म्हणून कमी पडणारा डॅमेज आधी सपोर्ट जेममध्ये शोधा, ट्रीवर नंतर. सपोर्ट जेमचे टॅग मुख्य जेमशी जुळायला हवेत. प्रोजेक्टाइलचा सपोर्ट स्लॅमला जोडून काही होत नाही.

लाइफ आणि रेझिस्टन्स

पाचव्या अंकाच्या शेवटी किटावा हा बॉस पडला की तिन्ही एलिमेंटल रेझिस्टन्स 30 टक्क्यांनी कायमचे खाली येतात, दहाव्या अंकानंतर आणखी 30. कमाल मर्यादा 75 आहे, म्हणजे मॅप्समध्ये फायर, कोल्ड आणि लाइटनिंग हे तिन्ही ट्री व गिअर मिळून 135 टक्के हवेत. हे ऐच्छिक नाही. 75 ऐवजी 60 वर राहिलात तर दर शंभरातले 25 ऐवजी 40 अंगावर येतात, म्हणजे मार 60 टक्क्यांनी जास्त. सहाव्या अंकात अचानक मरायला लागलेल्या दहांतले आठ जण इथेच अडकलेले असतात.

सुरुवातीला अंगठ्यांवर भागतं. साधी आयर्न रिंग आणि एक लाल जेम एकत्र विकला की दुकानदार 20 ते 30 टक्के फायर रेझिस्टन्सची रूबी रिंग देतो. पहिल्या अंकाच्या शेवटची बॉस मर्व्हील थंडीनं मारते, तिच्यासमोर सफायर रिंग घालूनच जा.

लाइफचं गणितही करून बघण्यासारखं आहे. केवळ लेव्हलमुळे सत्तराव्या लेव्हलला 878 लाइफ असते. गिअर आणि ताकदीतून साधारण साडेपाचशे-सहाशेची भर पडते, म्हणजे 1,450 च्या आसपास. ट्रीवर 140 टक्के इन्क्रीज्ड लाइफ घेतली असेल तर तेच 3,480 होतात. लाइफचे ठिपके टाळून डॅमेज घेणारा 1,450 वरच राहतो. मॅप्समध्ये एका मरणाला 10 टक्के एक्सपिरियन्स जातो (सहाव्या ते दहाव्या अंकात 5), त्यामुळे मेलेल्या पात्राचा जास्तीचा डॅमेज काहीच कामाचा नाही. दर तीन पॉइंटांमागे एक लाइफवर टाकत गेलात तर बहुधा कमी पडणार नाही.

केऑस इनॉक्युलेशन हा कीस्टोन (ट्रीवरचा, पात्राचे नियमच बदलणारा मोठा ठिपका) लाइफ 1 करतो आणि केऑस डॅमेजपासून पूर्ण संरक्षण देतो. भरपूर एनर्जी शील्ड (लाइफच्या आधी मार झेलणारं कवच) जमल्याशिवाय त्याला हात लावू नका. रेझोल्यूट टेक्निक मात्र शस्त्र चालवणाऱ्या नवख्यासाठी छान आहे: फटका कधी चुकत नाही, त्या बदल्यात क्रिटिकल (जास्त डॅमेजचा फटका) कधी लागत नाही.

छोट्या गोष्टी, ज्यांनी बिल्ड अडतं

जेमच्या रंगाप्रमाणे ताकद, चपळाई किंवा बुद्धी लागते आणि जेमची लेव्हल वाढते तशी गरजही वाढते. ॲम्युलेट बदललं, बुद्धी पाच-सहांनी कमी पडली, आणि मुख्य स्किल बंद पडलं, असं होतं. नवी वस्तू घालण्याआधी हे आकडे तपासा. जेमची लेव्हल वाढवायचं निमंत्रण नाकारताही येतं. एखादा पॉइंटच कमी पडत असेल तर ट्रीवर वाटेतला 10 चा ठिपका घ्या.

सॉकेटचे (वस्तूंवरच्या, जेम बसवायच्या खाचांचे) रंगही याच नियमानं येतात. ताकदीच्या चिलखतात लाल सहज येतात, निळे हट्टानं येत नाहीत. तीन निळे लागणारं बिल्ड मरॉडरच्या जड चिलखतात बसवायचा प्रयत्न करू नका. पहिल्या अंकात जोडलेली तीन सॉकेट, तिसऱ्या-चौथ्या अंकापर्यंत चार, एवढं पुरतं. दर लेव्हलला दुकानदारांचा माल बदलतो, तेव्हा जोडलेली सॉकेट आणि 10 टक्के वेगाचे बूट शोधून जा. टायडल आयलंडवरची औषधांची पेटी नेसाला नेऊन द्यायला विसरू नका, वेग वाढवणारा क्विकसिल्व्हर फ्लास्क त्यातूनच मिळतो.

ग्रेस, डिटरमिनेशनसारख्या मोठ्या ऑरा (कायम चालू राहणारी संरक्षक स्किल) प्रत्येकी 50 टक्के माना, म्हणजे स्किल चालवायची ऊर्जा, अडवून ठेवतात. दोन लावल्या की स्किल चालवायला काहीच उरत नाही. सुरुवातीला एकच लावा.

ट्री चुकली तर ऑर्ब ऑफ रिग्रेट या वस्तूनं एकेक ठिपका परत घेता येतो, कथेतल्या काही कामगिऱ्यांतूनही परतीचे पॉइंट मिळतात. दहा-पंधरा ठिपके असे दुरुस्त करावेत. साठ बदलायचे असतील तर नवं पात्र करणं स्वस्त पडतं, पहिल्या पात्राची जमवलेली गिअर आणि जेम स्टॅशमधून (पात्रांच्या सामायिक पेटीतून) त्याला देता येतात.

शेवटचा मुद्दा भारतातून खेळणाऱ्यांसाठी. लॉगिनच्या पानावर गेटवेच्या (सर्व्हरच्या) यादीत प्रत्येकासमोर पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) दिसतो. सर्वात कमी असेल तो घ्या, आणि निवड करण्याआधी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तपासा. पिंग 100 मिलिसेकंदांच्या वर किंवा सतत हलणारा असेल तर नेटवर्किंग ‘प्रेडिक्टिव्ह’वर ठेवा. ‘लॉकस्टेप’मध्ये प्रत्येक हालचाल सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत थांबते. असं कनेक्शन असणाऱ्यानं जवळ जाऊन लढणारं किंवा ऐनवेळी उडी मारून वाचणारं बिल्ड घेऊ नये. मिनियन आणि टोटेम घ्यावेत, ते सर्व्हरवर स्वतःच लढत राहतात. आणि कनेक्शन तुटणारं असेल तर हार्डकोअर लीगमध्ये पात्र बनवू नका: तिथे एकदा मेलं की पात्र साध्या लीगमध्ये जातं आणि परत येत नाही.