छोटं घर मोकळं करायचं तर सुताराला शेवटी बोलवा

मी सुतारकाम करतो. तरी सांगतो, लहान घर कोंदट होण्यात आमच्या कामाचा वाटा मोठा असतो. माणसं मला बोलावतात ती कपाट वाढवायला, आणि मी आधी खिडकी बघतो.

खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दीड ते अडीच पट अंतरापर्यंत दिवसाचा कामापुरता उजेड आत पोचतो. कड 7 फुटांवर असेल तर ढोबळमानाने 10 ते 17 फूट. म्हणजे खरी किंमत खिडकीच्या वरच्या भागाला आहे, आणि नेमका तोच भाग आपण झाकतो. तिथे पेलमेट (पडद्याची दांडी झाकणारी लाकडी पेटी) असतं, पुढे आलेला माळा असतो, नाहीतर गुंडाळून ठेवलेला पडदा. पेलमेट काढा. पडद्याची दांडी चौकटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट जास्त ठेवा, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न येता भिंतीवर जातो. खिडकीसमोरचं उंच फर्निचर हलवा. यातलं बहुतेक काम एका स्क्रू-ड्रायव्हरने होतं.

आता कपाटं. जागा सगळ्यात जास्त इथे वाया जाते. हँगरला कपडे अडकवायचे तर कपाट आत 24 इंच खोल लागतं, हे बरोबर. पण पुस्तकं, डबे, घडीचे कपडे यांना 12 ते 15 इंच पुरतात, आणि लोक तीही कपाटं 24 इंचीच करून घेतात. मागच्या वस्तू वर्षभर दिसत नाहीत. 8 फूट भिंतीवरच्या कपाटाची खोली एका फुटाने कमी केली तर 8 चौरस फूट जमीन परत मिळते. चार भिंतींवर चार कपाटं नकोत. एकच भिंत घ्या, जमिनीपासून छतापर्यंत भरा आणि दारांना भिंतीचाच रंग द्या. बाकीच्या भिंती मोकळ्या राहू देत.

30 इंची दार उघडताना सुमारे 5 चौरस फूट जमीन अडवतं. तिथे सरकतं दार चालतं, पण शेजारी तेवढीच रिकामी भिंत हवी, आणि तिच्यावर स्विचबोर्ड नको. संडास-बाथरूमला मात्र मी ते सुचवत नाही. फटीतून आवाजही येतो, वासही.

भिंत पाडायचा मोह आवरा. ती भार घेणारी आहे की नुसती आडभिंत, हे ठोकून कळत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय हातोडा उचलू नका, आणि कॉलम-बीमला तर हात लावूच नका.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडातला 80 टक्क्यांहून जास्त परत फेकतो, म्हणून छत पांढरंच ठेवा, भिंती त्याच्या जवळपासच्या. चकचकीत फिनिशमध्ये पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो, मॅट बरा. लादी सगळ्या खोल्यांत एकच, सांधे बारीक आणि लादीच्याच रंगाचे.

रात्रीसाठी छताच्या मध्यावर एकच झगझगीत दिवा लावला की कोपरे काळे पडतात आणि खोली तिथेच संपल्यासारखी वाटते. त्याऐवजी दोन-तीन लहान दिवे भिंतींवर उजेड पडेल असे लावा, 3000 ते 4000 केल्व्हिनचे (उजेडाच्या छटेचं माप), आणि एका खोलीत सगळे एकाच छटेचे. आरसा लावायचा तर खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर. तो लावण्याआधी त्यात काय दिसणार ते बघून घ्या, पसारासुद्धा दुप्पट होतो.

कामाचा क्रम: आधी ओल, मग वायरिंग आणि नळ, मग लादी, पुट्टी, रंगाचा पहिला हात. कपाटाचं माप मी लादी आणि पुट्टी झाल्यावरच घेतो, कारण त्याआधीचं माप हमखास चुकतं. रंगाचा शेवटचा हात माझं काम उरकल्यावर.