चौघांचं पत्र: दूरच्या समलिंगी जोडप्याशी पत्रमैत्री टिकवायची कशी

एक जोडपं वर्ध्याकडच्या खेड्यात, दुसरं पार गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्याला. भेट झालीच तर वर्षातून एकदा, तीही कोणाच्या तरी लग्नाच्या निमित्तानं. फोन आहेच, पण खेड्यात फोन एकट्याचा नसतो. तो चार्जिंगला ओसरीत लावलेला असतो, नाही तर पुतण्या त्यावर गेम खेळत असतो. निरोप उमटला की सगळ्या घराला दिसतो. पाकीट निदान बंद असतं.

पत्त्यापासून सुरुवात करा, कारण अर्धी पत्रं तिथेच भरकटतात. विदर्भाचे पिन ४४ नं सुरू होतात, पण एका पिनखाली कितीतरी गावं असतात. गावातलं शाखा डाकघर ज्या उपडाकघराला जोडलेलं असतं त्याचाच पिन वापरतं. वडगाव, सावंगी, पिंपळगाव या नावांची गावं तर जिल्ह्याजिल्ह्यात. म्हणून 'मु.' पुढे राहतं गाव, 'पो.' पुढे पोस्ट असलेलं गाव, मग तालुका, जिल्हा, पिन असं सगळं लिहा. नाव एकाचंच घाला, पोस्टमन ज्याला ओळखतो त्याचं. दोघांची नावं घालायचा मोह होतो. पण गावात ते 'पार्टनर' किंवा 'मामेभाऊ' म्हणून राहत असतील, तर पोस्टाच्या टेबलावर उगाच विषय निघतो. दोघांना मायना आत लिहा.

प्रेषकाचा पत्ता टाळू नका. लपवण्यासाठी म्हणून तो गाळतात आणि नेमकं उलटं होतं: पत्र पोचलं नाही आणि परत कुठं पाठवायचं हेही कळलं नाही, तर पत्ता शोधायला पोस्टातच ते उघडलं जातं. दोन बायकांच्या घरी पत्र जात असेल आणि लिहिणारे पुरुष असतील, तर प्रेषकाच्या जागी आडनाव आणि गाव पुरे. पुरुषाचं पूर्ण नाव वरचेवर आलं की 'हा कोण?' सुरू होतं.

पोस्टकार्ड ५० पैशांचं. त्यावर पाऊसपाणी आणि 'पत्र मिळालं' एवढंच लिहा. अंतर्देशीय अडीच रुपयांचं, पण त्यात काही घालता येत नाही आणि पावसाळ्यात त्याची डिंकाची कड आपोआप सुटते. मनातलं लिहायचं तर पाकीटच. पहिल्या २० ग्रॅमला ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. झेरॉक्सचा एक कागद साधारण साडेचार ते पाच ग्रॅमचा, लहान पाकीट जवळपास तेवढंच. म्हणजे तीन कागद बसतात, चौथा घातला की वजन वीसच्या वर जातं. पोस्टकार्डाएवढा फोटो म्हणजे जवळपास एक कागद धरा.

हा हिशेब कंजूषपणाचा नाही. तिकीट कमी पडलं की पत्र बैरंग होतं. मग पोस्टमन दारात उभा राहून कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे मागतो, सुटे शोधायला सासूबाई किंवा काका बाहेर येतात, आणि कोणाचं पत्र, कुठून आलं, हे सगळ्या आळीला कळतं. शंका असेल तर पोस्टात वजन करून घ्या, नाही तर सरळ ५ रुपयांचं तिकीट जास्तीचं लावा.

कागदपत्रं किंवा खरंच नाजूक मजकूर असेल तर स्पीड पोस्ट करा आणि खिडकीवर 'रजिस्ट्रेशन' मागा. जुनी रजिस्टर्ड सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिळवली आहे. रजिस्ट्रेशन घेतलं तर पत्र ज्याच्या नावानं आहे त्याच्याच, नाही तर त्यानं अधिकार दिलेल्या माणसाच्याच हाती द्यायचं असतं.

लिहायला बॉलपेन घ्या. जेलची शाई आषाढात फुटते. लिहिलेली बाजू आत राहील अशी घडी घाला.

आता मजकूर. ही मैत्री पोस्टामुळे क्वचितच मरते. मरते ती अशी की दोन्ही घरांतून एकेकजणच लिहू लागतो आणि उरलेले दोघं 'तुझ्या मित्राचं पत्र आलं' असं म्हणायला लागतात. म्हणून पहिला कागद एकानं लिहायचा, दुसरा दुसऱ्यानं, आणि तोही पहिला न वाचता. तिसऱ्यावर दोघांनी मिळून. एकच गोष्ट दोघांनी वेगळी सांगितली तर पलीकडच्या दोघांची खरी करमणूक तीच. पलीकडच्या प्रत्येकाला नाव घेऊन निदान एक प्रश्न विचारा. 'तुम्ही दोघं कसे आहात?' या प्रश्नाला कोणीच उत्तर देत नाही.

वर क्रमांक घाला: 'आमचं १४, तुमच्या १२ ला उत्तर'. पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडतात, आणि नंतर कोण रुसलं, का रुसलं, हेच कळेनासं होतं.

पत्र दुसऱ्याच्या हाती पडण्याची भीती असेल तर सांकेतिक भाषा शोधत बसू नका, मराठीचं व्याकरण पुरतं. 'मी येतो' किंवा 'मी येते' म्हटलं की लिहिणारा कोण ते उघड होतं. वऱ्हाडीतल्या 'मी गेली'नंही तेच होतं. पण भूतकाळात कर्म असलं की क्रियापद कर्मामागं जातं:

'परवा आम्ही कापूस वेचून आलो. मी भाकरी टाकली, घरच्या माणसानं झुणका केला, मीठ दोघांनीही घातलं नाही.'

यात दोन पुरुष आहेत की दोन बायका की नवराबायको, सांगा बरं! मात्र सगळंच पत्र असं लिहू नका, वाचणाऱ्याला गुदमरायला होतं. जोखमीची चार वाक्यं तेवढी अशी लिहा. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर अशा नात्याबद्दल लिहिलं म्हणून कायदा मागे लागत नाही, घरातला काका लागतो.

घरातलं भांडण एकट्यानं लिहून कळवू नका. कळवायचंच असेल तर पाकीट बंद करण्याआधी जोडीदाराला वाचायला द्या. उत्तर देणाऱ्यांनीही बाजू न घेता दोघांना लिहावं.

काय लिहायचं? जे दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही ते. पोळ्याला गावी गेल्यावर 'मुलगी कधी पाहायची' हा प्रश्न कसा टोलवला. बँकेत नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव लावताना नात्याच्या रकान्यात काय भरलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली, त्यामुळे जोडीदार आपोआप वारस होत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, सही मात्र दोन साक्षीदारांसमोर करावी लागते आणि त्यांनीही सह्या कराव्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. पुढच्या भेटीत पलीकडचे दोघं तुमचे साक्षीदार होऊ शकतात. फक्त त्यांच्या नावे त्यात काही ठेवू नका, पुढे नातेवाईक तेच धरून बसतात.

दर आठवड्याचा वायदा करू नका. सोयाबीन निघेपर्यंत कोणाला पेन धरायला होत नाही, भंडारा-गोंदियाकडे धान कापणीत तीच गत, आणि कापसाची वेचणी दिवाळीनंतरही लांबते. वर्षाला सहा पत्रं ठरवा: पोळा, दिवाळी, संक्रांत, होळी, अक्षय तृतीया आणि पेरणी आटोपली की एक. उशीर झाला तर पहिल्या दहा ओळी माफी मागू नका, कागद तीनच आहेत.

अंबाडीचं बी पाठवायचं तर एकाच थरात कागदावर चिकटपट्टीनं बसवा आणि तिकिटापासून लांब, खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा. शिक्का तिकिटावर बसतो आणि खालचं बी चुरतं. भिवापुरी मिरचीचं तिखट पाकिटात घालू नका. ते गळतं, आणि सगळी थैली शिंकते.

आलेली पत्रं कुलपाच्या पत्र्याच्या पेटीत, विटांवर ठेवा. जमिनीला टेकली की वाळवी लागते. एक किल्ली पलीकडच्या घरी द्या. दोघांपैकी एक गेला तर नातेवाईक पेटीपर्यंत पोचण्याआधी पत्रं लिहिणाऱ्यांकडे परत जावीत, हे आधीच लिहून ठेवा.

आणि पलीकडचं जोडपं वेगळं झालं तर? पत्र थांबवू नका, पण आता दोन लागतील. पहिल्या खेपेला दोन्हींत मजकुराची लांबी सारखी ठेवा, ते दोघं अजून बोलत असतील तर ताडून पाहतात. आणि दोन्ही पाकिटं एकाच दिवशी, एकाच टपालपेटीत टाका.