आधी सॅम्पलचा तक्ता मागा: गुहागरातून बायोइन्फर्मेटिक्सचं फ्रीलान्स काम

गुहागरला घराच्या पडवीत बसून मी संशोधकांच्या गटांसाठी बायोइन्फर्मेटिक्सची, म्हणजे जीवशास्त्रातला डेटा संगणकावर तपासायची कामं करते. कॉलेजातली मुलं विचारतात, काय शिकायचं? लिनक्सची कमांड लाइन, आर आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा. ते घरबसल्या शिकता येतं. माझं अडलं ते कोडवर नाही, प्रश्न विचारण्यावर.

पहिल्याच मोठ्या कामात एका गटाने आरएनए सिक्वेन्सिंगचा, म्हणजे पेशींत कोणती जनुकं किती चालू आहेत ते दाखवणारा डेटा पाठवला. १२ सॅम्पल: ६ कंट्रोल (औषध न दिलेल्या) पेशींची, ६ औषध दिलेल्या पेशींची. दर्जा तपासणारं फास्टक्यूसी चालवलं, रीड्स (मशीनने वाचलेले तुकडे) छान होते. बहुतेक बेस (त्यातली अक्षरं) क्यू ३० या दर्जाच्या वर, म्हणजे चुकीची शक्यता हजारात एक किंवा त्याहून कमी. पुढे रीड्स जनुकांशी जुळवले, मोजले, दोन गटांतला फरक शोधणाऱ्या डीईसेक २ मध्ये घातले, तर हजारो जनुकं बदललेली! मी हरखून गेले. मग पीसीएचा आलेख काढला; त्यात एकसारखी सॅम्पल जवळजवळ येतात. ठिपक्यांचे दोन पुंजके, मधे भलंमोठं अंतर. इतकं साफ चित्र बघून पोटात गोळा आला. फोन लावला, "सर, आरएनए कधी काढलं होतं?" कंट्रोलचं मार्चमध्ये, एका विद्यार्थिनीने. औषधवाल्यांचं जूनमध्ये, दुसऱ्या विद्यार्थ्याने, वेगळ्या किटने (आरएनए काढायच्या रसायनांच्या संचाने).

संपलंच. दिसतोय तो फरक औषधाचा की किटचा, हे त्या डेटातून कळायला वाटच उरली नव्हती. बॅचचा, म्हणजे वेगळी वेळ, वेगळा हात, वेगळं किट यांचा परिणाम वजा करायला जावं तर औषधाचाही त्याच्याबरोबर जातो. यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. हे सरांना सांगायचा धीर गोळा करायला मला दोन दिवस लागले. काम घेतानाच विचारलं असतं तर निदान खोटी आशा तरी लागली नसती, ही माझी चूक.

तेव्हापासून डेटाच्या आधी मी तक्ता मागते: कोणतं सॅम्पल कुणी, कधी, कोणत्या किटने केलं, सिक्वेन्सिंग कोणत्या खेपेत झालं. प्रयोग व्हायचा असेल तर फारच उत्तम. मग सांगते, रोज दोन्ही गटांतली सॅम्पल मिसळून घ्या आणि प्रत्येक गटात कमीत कमी ३ स्वतंत्र सॅम्पल ठेवा. एकाच नळीतलं आरएनए तीनदा वाचलं म्हणजे तीन सॅम्पल झाली नाहीत. एकाच कलमाचे तीन हापूस चाखून अख्ख्या बागेची गोडी सांगता येते का? तसंच ते.

आणखी दोन प्रश्न लगेच विचारायचे. माणसाचा डेटा असेल तर जीनोमची (संपूर्ण डीएनएच्या संदर्भ नकाशाची) कोणती आवृत्ती, जीआरसीएच ३७ की ३८? दोन्हींत जागांचे आकडे वेगळे येतात. आणि जनुकांची यादी एक्सेलमधून फिरून आलीय का? एक्सेल सेप्ट २ या जनुकाच्या नावाची २ सप्टेंबर करून टाकतं. २०२० मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावंच बदलली, सेप्ट २ चं सेप्टिन २ झालं. पण जुन्या फायली अजून फिरतायत.

कोकणातून हे काम जमतं का? जमतं, पण सगळं मोजकाम भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही. २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत किती दिवस अंधार होता, ते आपण पाहिलंय. सर्व्हरवर टीमक्स या प्रोग्रॅममध्ये काम लावलं की इथे लाईट गेली तरी तिथे चालू राहतं. डेटाही थेट सर्व्हरवरच उतरवायचा आणि एमडी ५ (फाइलचा ओळख-आकडा) जुळतो का ते तपासायचं. अर्धवट उतरलेल्या फाइलवर माझा एक अख्खा आठवडा गेलाय.

पैशांचं आणि कामाचं आधीच लिहून घ्या: तुम्ही काय देणार, किती वेळा दुरुस्ती करणार, शोधनिबंधात नाव येणार का. नावाचा विषय काढायला संकोच वाटतो, पण विश्लेषण आणि त्याचा अर्थ तुम्ही लावला असेल तर तो हक्काने काढावा. संस्थांकडे अनुदान आल्याशिवाय बिल सुटत नाही, एकदा मी सात महिने थांबले होते. आता थोडी आगाऊ रक्कम घेते. टीडीएस कापला जातो, रिटर्न भरताना तो हिशेबात धरा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, तरी सीएला एकदा विचाराच.

पहिलं काम मिळेपर्यंत हात रिकामे ठेवू नका. जीईओ या सार्वजनिक साठ्यावर हजारो प्रयोगांचा डेटा फुकट आहे. आवडीचा एक छापील शोधनिबंध घ्या, त्यातला एकच आलेख मूळ डेटावरून पुन्हा काढा. लॅपटॉप साधा असेल तर गॅलक्सी हे विश्लेषणाचं साधन ब्राउझरमध्ये चालतं. आलेख जुळला नाही तर का जुळला नाही ते पानभर लिहा आणि कोडसकट गिटहब या साइटवर ठेवा. मला दोन कामं अशाच एका न जुळलेल्या आलेखामुळे मिळाली.