फुकटात टेक्निकल मदत करणाऱ्यांना शाबासकी कशी द्यायची

आमच्या टेलिग्राम ग्रुपवर बोरिवलीचे एक काका आहेत, सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये एका हाताने हँडल धरून दुसऱ्या अंगठ्याने लोकांचे प्रिंटर दुरुस्त करतात, आणि बदल्यात मिळतं काय तर हात जोडलेला इमोजी, तोही कधीकधी.

तर पहिलं म्हणजे नुसतं थँक्स नको, काय केल्यावर चालू झालं ते लिहा. 'जुना ड्रायव्हर काढून नवीन टाकला, मराठी जोडाक्षरं नीट छापली गेली', एवढं लिहिलंत तरी काकांना कळतं की मेहनत फुकट गेली नाही आणि पुढच्याचंही काम होतं.

स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर असाल तर उपयोगी पडलेलं उत्तर ॲक्सेप्ट करायला विसरू नका, उत्तर देणाऱ्याला १५ पॉइंट मिळतात, अपव्होटचे, म्हणजे पसंतीच्या मताचे, १०. पण पॉइंट आले की काहीजण पॉइंटसाठीच धावतात हेही खरंय. मला विकिपीडियाचा बार्नस्टार, म्हणजे चांगल्या कामासाठी तिथले लोक एकमेकांना देतात तो ताऱ्याचा बिल्ला, जास्त आवडतो, २००३ पासून चालू आहे, कोणीही कोणालाही देऊ शकतं आणि सोबत कशासाठी ते लिहायचं.

ॲडमिन असाल तर शाल-श्रीफळ राहू द्या हो. कॉलेजच्या पोरांना नेमकं काम लिहिलेलं पत्र द्या, नोकरी शोधताना दाखवता येतं. बाकीच्यांना वर्षातून एकदा दादरला बोलवा, वडापाव-कटिंग तुमच्याकडून. फोटो टाकायच्या आधी विचारा मात्र, काहींना ऑफिसात कळलेलं नको असतं.

आणि कौतुक केल्याच्या दुसऱ्याच दिवशी 'काका, माझा लॅपटॉप पण बघा ना' असा पर्सनल मेसेज प्लीज नको.