पोस्ट-बॅक निवडताना: आधी ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) काढा, मग कॉलेजांची नावं

अमेरिकेत मेडिकल स्कूलला प्रवेश मिळतो तो चार वर्षांच्या पदवीनंतर. पदवी इतिहासाची असो की कॉम्प्युटर सायन्सची, चालते. पण बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स प्रत्येकी वर्षभर, लॅबसह, सहसा झालेले लागतात. शिवाय बायोकेमिस्ट्री, आणि बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, इंग्रजी. यातलं जे राहिलं किंवा कच्चं राहिलं, ते पदवीनंतर भरून काढण्याचा मार्ग म्हणजे पोस्ट-बॅक. (भारतातून एमबीबीएस करून आलेल्यांचा हा रस्ताच नव्हे, त्यांनी यूएसएमएलई ही परवाना परीक्षा आणि रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, यांकडे बघावं.)

पहिला प्रश्न एकच: तुमचे कोर्स कमी पडतायत की मार्क? दोघांसाठीचे प्रोग्रॅम वेगळे असतात, आणि चुकीच्या जातीचा प्रोग्रॅम घेतला तर पैसे जातात आणि अर्ज होता तिथेच राहतो.

मार्कांचा हिशेब स्वतः करा. एमडी (अमेरिकेतली डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या कॉलेजांचे बहुतेक अर्ज अ‍ॅमकॅस या सामाईक यंत्रणेतून जातात. ती एकूण जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी, ए म्हणजे ४) मोजते, आणि बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा बीसीपीएम नावाचा जीपीए वेगळा मोजते. कोर्स पुन्हा करून सी चा ए केला आणि तुमच्या कॉलेजनं जुना सी पुसला, तरी अ‍ॅमकॅस दोन्ही धरते. समजा, १२० क्रेडिट्सवर (क्रेडिट म्हणजे कोर्सच्या वजनाचं एकक) ३.१ जीपीए आहे, म्हणजे ३७२ गुण. पोस्ट-बॅकमध्ये विज्ञानाचे ३० क्रेडिट्स घेतले आणि सगळे ए आले, तर आणखी १२०. एकूण ४९२ भागिले १५०, म्हणजे ३.२८. वर्षभर जिवाचं रान करून एवढंच! पण तोच हिशेब विज्ञानापुरता करा: आधीचे ४० क्रेडिट्स २.९ वर असतील, तर जीपीए थेट ३.३७ वर येतो. शिवाय पोस्ट-बॅकची ओळ अर्जात वेगळी दिसते, आणि शेवटच्या ३० क्रेडिट्सना ४.० हे प्रवेश समितीच्या नजरेत भरतं. मेडिकल स्कूलला प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांची जीपीएची सरासरी ३.८ च्या आणि एमकॅट या प्रवेश परीक्षेची ५११-५१२ च्या आसपास असते, हेही समोर ठेवा.

विज्ञान जवळपास केलेलंच नसेल आणि एकूण जीपीए बरा असेल, तर करिअर बदलणाऱ्यांसाठीचे प्रोग्रॅम बघा: ब्रिन मॉर, गाउचर, स्क्रिप्स, जॉन्स हॉपकिन्स. बॅच लहान, सल्लागार हाताशी, लॅबमधली जागा पक्की. बहुतेक कोर्स आधीच झाले असतील, तर असे प्रोग्रॅम सहसा दारातूनच परत पाठवतात. कोर्स झालेत पण मार्क पडलेत, त्यांच्यासाठी पदवी पातळीवरचेच वरचे कोर्स देणारे प्रोग्रॅम असतात: फिजिऑलॉजी, सेल बायोलॉजी, जेनेटिक्स वगैरे.

स्पेशल मास्टर्स, म्हणजे एसएमपी, ही तिसरी जात. जॉर्जटाउन आणि बोस्टन युनिव्हर्सिटीचे प्रोग्रॅम यात जुने आणि नावाजलेले. इथे मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय असतात, काही ठिकाणी तर मेडिकलच्या विद्यार्थ्यांबरोबरच परीक्षा. मात्र हे मार्क ग्रॅज्युएट जीपीएत जातात, पदवीचा ३.१ तसाच राहतो. म्हणून पदवीचा जीपीए फार खाली असेल, तर आधी पदवी पातळीचे कोर्स करा, एसएमपी नंतर. आणि एसएमपीत बी-सी मिळाले, तर ‘या मुलाला मेडिकलचा अभ्यास झेपत नाही’ याचा पुरावा तुम्ही स्वतःच पैसे भरून तयार केलात असं होतं. पूर्णवेळ नोकरी सांभाळून एसएमपी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चौथा मार्ग स्वतः जुळवण्याचा. स्टेट युनिव्हर्सिटीत नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून एकेक कोर्स घ्यायचा, किंवा हार्वर्ड एक्स्टेन्शनसारख्या ठिकाणी संध्याकाळी शिकायचं. शिस्त असेल तर हा मार्ग कुठल्याही नावाजलेल्या प्रोग्रॅमपेक्षा कमी नाही. अडतं ते नोंदणीत: नॉन-डिग्रीवाल्यांचा नंबर शेवटी लागतो आणि ऑरगॅनिकची लॅब तोवर भरलेली असते. दुसरी पदवी घेणारा विद्यार्थी म्हणून नाव घातलं, तर बऱ्याच ठिकाणी नंबर वर सरकतो. कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट आणि ऑनलाइन लॅब काही मेडिकल स्कूल घेतात, काही नाही. एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या सशुल्क यादीत प्रत्येक स्कूलची अट बघता येते. ते थोडे डॉलर वाचवू नका.

किती काळ लागेल हे केमिस्ट्री ठरवते. जनरल एक आणि दोन, ऑरगॅनिक एक आणि दोन, मग बायोकेमिस्ट्री: पाच कोर्स एकामागून एकच घेता येतात. नेहमीच्या गतीनं अडीच वर्षं. एका वर्षाचे प्रोग्रॅम उन्हाळ्यात जनरल केमिस्ट्रीचे दोन्ही भाग उरकतात, मग सप्टेंबर ते मे ऑरगॅनिक, फिजिक्स, बायोलॉजी एकत्र. त्या उन्हाळ्यात रोज लेक्चर, लॅब आणि दर आठवड्याला परीक्षा. कॉलेज सोडून दहा वर्षं झालेल्यांची दमछाक तिथेच होते. बीजगणित आणि त्रिकोणमिती गंजली असेल, तर त्याआधी घासूनपुसून घ्या. पाय घसरतो तो फिजिक्सच्या संकल्पनांपेक्षा गणितात जास्त.

आता कॅलेंडर. मे २०२७ मध्ये कोर्स संपले, जूनमध्ये अर्ज गेला, तर वर्ग सुरू होतील ते २०२८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये. मधल्या वर्षाला ग्लाइड इयर म्हणतात. ते वाचवण्यासाठी काही प्रोग्रॅमचे ठरावीक मेडिकल स्कूलशी लिंकेजचे करार असतात. पण तिथे जीपीए आणि अनेकदा एमकॅटची किमान अट असते, जागा मोजक्या, आणि जागा मिळाली तर तिथेच जाण्याचं वचन द्यावं लागतं. फिजिक्स अर्धवट असताना घाईनं एमकॅट देऊन ५०३ आणण्यापेक्षा ग्लाइड इयर बरं. एमकॅटचा प्रत्येक स्कोअर दिसतो, आणि आयुष्यात सातच वेळा देता येतो.

‘आमच्या ९० टक्के विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला’ हे वाक्य जाहिरातीत दिसलं, की छेद विचारा. नव्वद टक्के कोणाच्या? प्रोग्रॅम सुरू केलेल्यांच्या, पूर्ण केलेल्यांच्या, की प्रोग्रॅमच्या समितीनं शिफारसपत्र दिलेल्यांच्या? काही ठिकाणी ठरावीक जीपीए आणि एमकॅट नसेल तर हे पत्र (कमिटी लेटर) मिळतच नाही, आणि असे विद्यार्थी आकड्यातून गळतात. पुढे विचारा: एमडी किती, डीओ (ऑस्टिओपॅथिक कॉलेजांची डॉक्टरकीची पदवी) किती, कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल स्कूलला किती गेले? सोडून गेलेले किती? उत्तर टोलवलं, तर तेच उत्तर समजा.

पैशांचा अंदाज क्रेडिटवर घ्या. चारही लॅब विषयांचे मिळून ३२ क्रेडिट्स, बाकीचे धरून ४० च्या पुढे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला तिथल्या कम्युनिटी कॉलेजात एक युनिट (तिथलं क्रेडिट) ४६ डॉलरला पडतं. खासगी विद्यापीठात एक क्रेडिट दीड-दोन हजारांना. फेडरल कर्ज पूर्वतयारीच्या कोर्सेसना सलग १२ महिनेच मिळतं, तेही किमान अर्धवेळ शिकत असाल तर. एसएमपी ग्रॅज्युएट कर्जात बसते, पण १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या नियमांत ते वर्षाला २०,५०० डॉलरपुरतं आहे. मेडिकलसाठी वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाखांची मर्यादा आहे. एसएमपीसाठी घेतलेलं त्या दोन लाखांतून वजा होतं.

मराठी घरांत दोन गोष्टी फार उशिरा कळतात. एक, एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) वाढलेलं मूल इथल्या शाळेत शिकलेलं असलं तरी मेडिकल स्कूलच्या लेखी आंतरराष्ट्रीय ठरतं, आणि आंतरराष्ट्रीय अर्ज न घेणारी स्कूल्स बरीच आहेत. ग्रीन कार्डची स्थिती बघूनच पोस्ट-बॅकवर पैसे घाला. दोन, पुणे-मुंबईची बी.फार्म. किंवा बी.ई. असेल, तर ते मार्क अ‍ॅमकॅसच्या जीपीएत धरले जात नाहीत. अनेक स्कूल्सना अमेरिकेतले ६० किंवा ९० क्रेडिट्स, काहींना इथली पदवीच लागते. मग ३२ क्रेडिट्सचा पोस्ट-बॅक अपुरा पडतो आणि दुसरी पदवी हाच सरळ मार्ग उरतो. जिथे अर्ज करायचा अशा आठ-दहा स्कूल्सच्या ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून हा आकडा लेखी मागवा. पोस्ट-बॅकची पहिली फी त्यानंतर.